भरवशाची गाडी

विनिपेगला आल्यावर, २००४च्या सप्टेंबरात, मी जी पहिली जुनी गाडी विकत घेतली तिच्या पुढच्या जाळीतून तीन पिनांचा एक काळा प्लग बाहेर लोंबत होता. घरातल्या इस्त्रीला असतो तसला. आधीच्या मालकाने काहीतरी जोडकाम हाती घेऊन अर्धवट सोडले असावे असे मला वाटले, आणि व्यवहार संपता संपता ही वायर कापून टाकली तर चालेल का, असे मी त्याला विचारलेही. त्या गृहस्थाने माझ्याकडे जरा निरखून पाहिले, कुठून आलात म्हणून चौकशी केली, आणि मग अतिशय सौम्य स्वरात सांगितले की गाडीतले बाकी काहीही कापलेत तरी एकवेळ चालेल.

सप्टेंबरात ऊन होते. वाहनतळावर प्रत्येक जागेसमोर कमरेइतक्या उंचीचा एक खांब होता आणि त्याला विजेचे सॉकेट होते. मला ते दिवाबत्तीचे राहून गेलेले काम वाटले. (नव्या गावात माणसाला सुरुवातीला सगळ्याच गोष्टी अर्धवट राहिलेल्या वाटतात.) नोव्हेंबर संपता संपता त्या खांबांचा अर्थ कळला.

मराठीत थंडी गुलाबी असते. गारवा, गारठा, हीव, हुडहुडी, कडाका असे चढत्या श्रेणीचे शब्द आपल्याकडे आहेत. पण कडाक्याच्या पुढे भाषा थांबते, कारण तिला पुढे जाण्याची कधी गरजच पडली नाही. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की वर्तमानपत्रांत द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांची छायाचित्रे येतात, आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले की ती पहिल्या पानावरची बातमी होते. विनिपेगला जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी किमान तापमानच उणे वीसच्या आसपास असते, आणि दर हिवाळ्यात काही रात्री पारा उणे पस्तीस, कधी उणे चाळीसच्या दिशेने सरकतो. उणे चाळीस ह्या आकड्याची एक गंमत आहे. सेल्सियस आणि फॅरनहाइट ह्या दोन्ही मोजपट्ट्या तिथे एकमेकींना भेटतात. उणे चाळीस म्हणजे कोणत्या अंशांत, असे कोणी विचारत नाही. श्वास आत घेतला की नाकातले केस ताठ होतात. पायाखाली बर्फ करकरतो. रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीची चाके जमिनीला टेकलेल्या जागी चपटी होऊन बसतात आणि पहिला अर्धा किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी हादरत जाते. अर्थात, गाडी सुरू झाली तर.

पुण्यात गाडी सुरू न होणे ही एक सामाजिक घटना होती. वडिलांची स्कूटर सकाळी धरत नसे, तेव्हा ती एका बाजूला कलंडवून, पुन्हा सरळ करून, चोक ओढून किका मारण्याचा जो विधी चाले, त्यात शेजारपाजारचे दोघे-तिघे सल्ल्यासह सामील होत. चारचाकी असेल तर धक्का मारायला मुले धावत येत. फार तर उशीर होई. साहेबाचे चार शब्द ऐकावे लागत. इथे पहिल्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी, गावाबाहेरच्या एका गोदामासमोर, मी किल्ली फिरवली आणि रहाट ओढताना बैल बसावा तसा आवाज होऊन इंजिन थांबले. पुन्हा फिरवली, नुसती टकटक. आजूबाजूला कोणी नव्हते. मोबाइल खिशात होता, पण तोही थंडीने मान टाकत होता. चाळीस मिनिटांनी मदत आली. त्या चाळीस मिनिटांत मला समजले की ह्या प्रदेशात गाडी सुरू होणे ही सोयीची बाब नाही. इथल्या गाड्यांमध्ये लोक मेणबत्ती, काडेपेटी, रिकामा डबा आणि घोंगडी का ठेवतात, हेही समजले. बंद गाडीत डब्यातली एक मेणबत्ती माणसाला काही तास तगवून धरते.

थंडीत गाडी का धरत नाही ह्याचे उत्तर एका कारणात देता येत नाही. तीन-चार गोष्टी एकाच वेळी, एकाच दिशेने बिघडतात, आणि त्यातच सगळा अनर्थ आहे. पहिले म्हणजे तेल. फडताळातले साजूक तूप पौषात जसे चमच्याला दाद देत नाही, तसे इंजिनातले तेल घट्ट होते आणि त्यातून इंजिन फिरवायला कितीतरी अधिक जोर लागतो. तो जोर बॅटरीने पुरवायचा; पण बॅटरी म्हणजे शेवटी एक रासायनिक क्रिया, आणि थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. उणे अठराला सामान्य शिशाची बॅटरी तिच्या एरवीच्या ताकदीच्या निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणजे मागणी वाढते त्याच वेळी पुरवठा आटतो. तिसरे पेट्रोल. पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते, आणि गोठलेल्या धातूवर वाफ धरतच नाही. म्हणून इथल्या हिवाळी पेट्रोलमध्ये सहज उडणाऱ्या ब्युटेनचे प्रमाण जास्त ठेवतात. डिझेलचे दुखणे आणखी निराळे. त्यातले मेण वेगळे होऊ लागते, आधी डिझेल गढूळ दिसते आणि मग गाळणीत तुंबते.

बॅटरी घेताना पुण्यात आपण ॲम्पिअर-तास किती आणि वॉरंटी किती असे विचारतो. इथे बॅटरीवर एक वेगळाच आकडा ठळक छापलेला असतो: उणे अठरा अंशांवर, तीस सेकंद, व्होल्टेज ७.२च्या खाली न जाता ती किती ॲम्पिअर देऊ शकेल. तेलाच्या डब्यावरही तसेच. ०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० ह्यांतला डब्ल्यू म्हणजे विंटर. शून्यवाले तेल उणे पस्तीसला इंजिन फिरू देते का आणि उणे चाळीसला पंपातून सरकते का, हे प्रयोगशाळेत तपासूनच त्याला तो आकडा मिळतो. रेडिएटरमधल्या ग्लायकॉलची कथा मला सर्वांत आवडते. निव्वळ ग्लायकॉल उणे तेराच्या आसपास गोठते, पाणी शून्याला. पण दोन्ही निम्मे-निम्मे मिसळले की ते मिश्रण जवळजवळ उणे सदतीसपर्यंत गोठत नाही.

आणि तो प्लग. त्याच्या दुसऱ्या टोकाला इंजिनाच्या पोटात एक छोटा हीटर असतो, बहुधा चारशे वॉटच्या आसपासचा किंवा थोडा मोठा. रात्री गाडी सॉकेटला जोडायची. हीटर इंजिनातल्या पाण्याला ऊब देत राहतो. खरे तर निघण्याआधीचे तीन-चार तास पुरतात, म्हणून काटकसरी लोक टायमर लावतात, आणि मोठ्या वाहनतळांवर काही ठिकाणी वीज आलटून पालटून सोडतात. ह्या हीटरचा एक पूर्वज विनिपेगच्या दक्षिणेला सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावात जन्मला. तिथल्या अँड्र्यू फ्रीमन ह्यांनी इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसणारा हीटर तयार केला; त्याचे पेटंट १९४९चे. ग्रँड फोर्क्सला जी रेड नदी आहे तीच उत्तरेकडे वाहत विनिपेगला येते. त्याआधी ह्या मैदानांत लोक रात्री इंजिनातले तेल काढून घेत, घरात चुलीपाशी ठेवत आणि सकाळी कोमट झालेले तेल परत ओतत. बॅटरी तर उचलून घरातच आणत.

हे सगळे मी अण्णांना फोनवर सांगत असे. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली, इंजिनांच्या कामात, १९६४पासून निवृत्तीपर्यंत. तेल काढून चुलीशी ठेवण्याची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "बरोबरच आहे. बाळंतिणीची खोली जशी उबदार ठेवतात तशी." डब्ल्यूचा अर्थ ऐकून मात्र बराच वेळ गप्प राहिले. छत्तीस वर्षे ते त्याला 'वेट' समजत आले होते. पुण्याच्या हवेत कोणाचे काही बिघडले नव्हते, एवढेच.

२०१३च्या नोव्हेंबरात ते आमच्याकडे चार महिन्यांसाठी आले. तोपर्यंत आम्ही घर घेतले होते, पण गॅरेज नव्हते. गाडी अंगणातल्या वाटेवर उभी असे आणि घराच्या बाहेरच्या भिंतीवरच्या सॉकेटपासून गाडीच्या नाकापर्यंत एक लांब नारिंगी वायर जाई. अण्णांनी पहिल्याच संध्याकाळी कानटोपी घालून ती सगळी व्यवस्था पाहिली, आणि हसून म्हणाले, "अरे, ही गाडी कुठली, ही तर दावणीला बांधलेली म्हैस." तेव्हापासून आमच्या घरात गाडी 'जोडणे' बंद झाले. रात्री जेवणे आटोपली की अण्णा विचारत, "गाडी बांधली का?" आठवड्याभरात ते कामच त्यांनी आपल्याकडे घेतले. मी नको नको म्हणत होतो. एकाहत्तर वर्षांचा माणूस उणे तिसात अंगणात जातो हे काही बरे नव्हते. पण परदेशी मुलाकडे आलेल्या बापाजवळ करण्यासारखे काहीच नसते, ही गोष्ट ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी गप्प का बसलो हे कळेल.

तो हिवाळा असाधारण होता. ३१ डिसेंबर २०१३ रोजी मॅनिटोबा म्युझियमने जाहीर केले की मंगळावर क्युरिऑसिटी यानाने नोंदवलेले कमाल तापमान उणे एकोणतीस आहे, आणि विनिपेग सकाळपासून त्याहून थंड आहे. मी ही बातमी अण्णांना वाचून दाखवली. "तुझ्या पत्रिकेत मंगळ होता तो असा निघाला म्हणायचा," एवढे बोलून ते कानटोपी शोधायला गेले.

त्या दिवसांत आमच्यात एक वाद चाले, आणि आता विचार करता तो शब्दांचा वाद होता. गाडी बदलायचे माझ्या मनात होते. मी मासिके चाळत असे. त्यांत वाहनांच्या विश्वासार्हतेचे तक्ते असतात, कोणत्या गाडीत किती बिघाड आढळले ह्याचे. अण्णांना तक्त्यांचे वावडे नव्हते. एस.टी.तही दहा हजार किलोमीटरमागे किती ब्रेकडाऊन झाले ह्याचा हिशोब असे, आणि तो हिशोब कुठल्या आगारात कोण फोरमन आहे त्याप्रमाणे बदलत असे, असे ते सांगत. गाडी तीच, रस्ता तोच, आकडा वेगळा. 'विश्वासार्ह' हा शब्द त्यांना पटत नसे. विश्वासाला पात्र असणे हा त्यात गाडीचा गुण होतो. मालकाला पैसे मोजण्यापलीकडे काही करावे लागत नाही. ते 'भरवशाची' म्हणत. भरवसा ठेवावा लागतो, आणि ठेवायचा म्हणजे कोणीतरी रोज रात्री उठून तो ठेवायचा. ही फोड माझी आहे. अण्णा व्याकरणात शिरत नसत. ते एवढेच म्हणत, "गाडी सकाळी सुरू होत नाही रे, आदल्या रात्री होते."

मला त्यात जुन्या पिढीचा थोडा दर्प वाटे. यंत्र चांगले असेल तर माणसाची पर्वा त्याला कशाला हवी? मग मी त्यांना स्कॉटची गोष्ट सांगितली, माझ्या बाजूचा पुरावा म्हणून. कॅप्टन स्कॉटने दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर तीन मोटार-घसरगाड्या नेल्या होत्या. एक जानेवारी १९११मध्ये जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली. उरलेल्या दोन त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत वाटेत बंद पडल्या. वाईट यंत्र, दुसरे काय, असा माझा रोख होता. अण्णांनी विचारले, बिघाड कसला होता? मी पुन्हा वाचून पाहिले, तर कारण थंडी नव्हतेच; हवेवर थंड होणारी ती इंजिने भयंकर तापत होती. गोठवणाऱ्या मैदानावर इंजिने उष्णतेने मेली. अण्णांना ही गोष्ट इतकी आवडली की पुढे आठवडाभर ते ती ज्याला त्याला, म्हणजे माझ्या बायकोला आणि मुलीला, सांगत होते. "थंडीला उगीच बदनाम करतात," ते म्हणत. "बॅटरीचं बघ. ती उन्हाळ्यात मरते, हिवाळ्यात कळते." हे शब्दशः खरे आहे. बॅटरीच्या आतल्या पट्ट्या झिजतात त्या मुख्यतः उष्णतेने; जुलै-ऑगस्टमध्ये तिचे नुकसान होऊन गेलेले असते. नंतरही ती महिनोन्महिने मुकाट गाडी सुरू करत राहते, आणि डिसेंबरच्या पहिल्या कडाक्यात उघडी पडते. लोक म्हणतात, काल तर चांगली होती.

जानेवारीतल्या एका सकाळी, बाहेर उणे सदतीस असताना, मी किल्ली फिरवली आणि इंजिनाने एक उसासा टाकला. दुसऱ्यांदा तेवढाही नाही. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होऊन विझले. मी खाली उतरून पाहिले. नारिंगी वायर गाडीच्या प्लगमध्ये नीट खोचलेली होती. तिच्या मागोमाग मी भिंतीपर्यंत गेलो. दुसरे टोक सॉकेटखालच्या खुंटीवर, चार वेढे घालून, व्यवस्थित टांगलेले होते.

अण्णा तोवर दारात आले होते. मी विचारले, "काल गाडी बांधली नव्हती का?" ते म्हणाले, "बांधली की." मी टांगलेले टोक हातात धरून त्यांना दाखवले. ते पुन्हा म्हणाले, "मी बांधली." आवाजात आढ्यता नव्हती, संकोचही नव्हता, जे घडले ते माणूस सांगतो तसे त्यांनी सांगितले. मी भडकलो. मला कुठेतरी आठ वाजता पोचायचे होते. कुठे, ते मला आज आठवत नाही, इतके ते महत्त्वाचे होते. बरेच बोललो. तुम्हाला जमत नसेल तर करू नका म्हणालो. आणि शेवटी, त्यांच्याच म्हशीच्या विनोदाचा आधार घेऊन, भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हाच, असे म्हणालो. म्हण मराठीत सगळे थट्टेनेच वापरतात. माझ्या आवाजात थट्टा नव्हती.

ते काही बोलले नाहीत. आत गेले, कोट आणि हातमोजे घालून परत आले.

शेजारचे म्हातारे गृहस्थ, मूळचे युक्रेनियन कुटुंबातले, इथेच जन्मलेले, आपली गाडी काढत होते. आमचा घोळ पाहून ते न बोलावता आले. ह्या शहरात ही रीतच आहे. बॉनेट उघडे दिसले की अनोळखी माणूससुद्धा थांबतो आणि बूस्टर केबल हवी का विचारतो. त्यांनी आपली गाडी आमच्या गाडीच्या नाकाला नाक लावून उभी केली, केबल काढली आणि चिमटे लावायला पुढे झाले. अण्णांनी हाताने त्यांना थांबवले. आधी हातमोजा काढून बॅटरीच्या बाजू चाचपल्या. फुगलेली नाही ना, हे पाहिले. उतरलेली बॅटरी लवकर गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला बाहेरून वीज दिली तर ती फुटू शकते. मग चिमटे स्वतः लावले. लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, लालचे दुसरे टोक त्यांच्या धन टोकाला, काळा त्यांच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा चिमटा आमच्या बॅटरीला नाही, तर बॅटरीपासून लांब इंजिनाच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन तिथे असू शकतो. शेजाऱ्यांना मराठी येत नव्हते, अण्णांचे इंग्रजी कार्यशाळेपुरते. "बॅटरी डाऊन. टेन मिनिट. नो सेल्फ," असे अण्णांनी बजावले, आणि ते दोघे दहा मिनिटे, दोन गाड्यांच्या मध्ये, एकमेकांच्या तोंडातून निघणाऱ्या वाफा पाहत शांतपणे उभे राहिले. मग अण्णांनी मला मानेने खूण केली. इंजिन अडखळले, खोकले आणि धरले. अण्णा कान देऊन ऐकत होते. चिमटे काढतानाही त्यांनी क्रम उलटा केला, जसा करायला हवा तसा.

मार्चमध्ये ते पुण्याला परतले. मधल्या काळात वायरीचा विषय पुन्हा निघाला नाही. गाडी मी बांधू लागलो आणि त्यांनी ते काम सोडून दिले. २०१६मध्ये पुण्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या विस्मरणाला जे नाव दिले ते आता सगळ्यांनाच माहीत आहे. त्या दुखण्यात कालचे आधी जाते आणि फार जुने, हाताने शिकलेले, पुष्कळ काळ टिकते, हे डॉक्टर समजावत असताना माझ्या डोळ्यांपुढे त्या चार चिमट्यांचा क्रम येत होता. आणि खुंटीवरचे ते चार वेढे. मी तेव्हापासून त्या टोकाला पुरावा मानत आलो. पहिली खूण मला दिसली होती, आणि मी तिच्यावर ओरडलो होतो.

पण हे मागाहून वाचलेले आहे, आणि मागाहून वाचताना आपण काय काय घुसडतो हे ह्या पानांवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. त्या हिवाळ्यात अण्णांनी साठेक वेळा तरी गाडी बांधली असेल. साठांत एकदा माझ्याकडूनही राहिले असते, राहिले होतेही. ते माझ्या बाबतीत विसरणे ठरले.

पुढे फोनवर ते गाडीची चौकशी करत राहिले. मे महिन्यात, अंगणात लायलॅक फुललेले असताना, विचारत, "गाडी बांधली का?" मी 'हो' म्हणत असे. २०१९च्या नोव्हेंबरात मी त्यांना बातमी वाचून दाखवली की इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे तेहतीसपर्यंत न गोठणारे हिवाळी डिझेल आणले आहे, पानिपतच्या रिफायनरीतले. त्या दिवशी त्यांची शुद्ध चांगली होती. म्हणाले, "मग इतकी वर्षं त्या पोरांनी काय केलं असेल? टाकीखाली स्टोव्ह लावले असतील." मी सांगितले की हो, तेच करत. ते समाधानाने हसल्यासारखे वाटले. २०२१मध्ये ते गेले. तेव्हा मला जाता आले नाही. त्या वर्षी पुष्कळांना जाता आले नाही.

आता मी विजेवरची गाडी घेतली आहे. तिला सुरू व्हावेच लागत नाही. कळ दाबली की ती असते. थंडीत तिचा पल्ला चांगलाच कमी होतो, पण किल्ली फिरवताना छातीत जे धस्स होई ते संपले. नॉर्वेसारख्या थंड देशात २०२४मध्ये विकलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊदशांश विजेच्या होत्या. म्हणजे आता सगळ्या जगाच्याच म्हशी रात्री दावणीला येणार. असो.

गेल्या डिसेंबरात संध्याकाळी मी गाडी जोडत असताना शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी आले. ते आता नव्वदीला टेकले आहेत आणि गाडी चालवत नाहीत. नवी गाडी पाहून झाली, आणि त्यांनी विचारले, तुमच्या वडिलांना हे आवडले असते का? मग बोलता बोलता म्हणाले की त्या थंड वर्षी त्यांच्या पत्नीचे आजारपण चालू होते, आणि गाडी जोडायची ते दोन-तीनदा विसरले होते. सकाळी पाहावे तर वायर लावलेली. एकदा रात्री खिडकीतून त्यांनी पाहिले, तर कानटोपीवाला एक माणूस त्यांच्या अंगणात वाकून प्लग खोचत होता. आभार मानायचे राहून गेले, कारण भाषा नव्हती.

मी विचारले, तुम्ही आम्हाला बूस्ट दिलात त्याच्या आदल्या रात्री का? त्यांनी आठवून पाहिले. असेल, म्हणाले, त्यांची गाडी त्या सकाळी लगेच सुरू झाली होती खरी. पण ती रात्र की दुसरी, हे त्यांना आता सांगता येणार नाही. बारा वर्षे झाली. थंडी वाढत होती, म्हणून मी त्यांना हाताला धरून त्यांच्या दारापर्यंत पोचवले आणि परत येऊन वायरीची दोन्ही टोके पाहिली.